अवयव पाडता येत नाहीत, म्हणून फॅक्टरिंग नको?

प्रश्न : मुलगी टीवायबीकॉमला आहे. फॅक्टरिंग कंपनीत नोकरी करायची म्हणते. दहावीला गणितात काठावर पास झाली, अवयव पाडताना रडायची. मी तिला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलाय. तिची समजूत घाला. माझं वर्कशॉप आहे, त्याची बिलं तीच सांभाळते, थकलेल्या पैशांसाठी फोनही तीच करते. – एक वडील, भोसरी

उत्तर : मुलीचे गुण वाचून मला काळजी वाटली नाही, तुमचं पत्र वाचून वाटली. सबंध पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीचं आहे, बाकी बहुतेक दहावीचं गणित. पाच वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवर तुम्ही तिला अजून जोखताय. आणि क्लास लावला तो बँकेचा, जिथे पूर्वपरीक्षेतच गणिताचा स्वतंत्र विभाग असतो!

अवयव पाडण्याला इंग्रजीत ‘फॅक्टरिंग’ म्हणतात खरं, पण या व्यवसायातल्या फॅक्टरिंगमध्ये बहुपदीचे अवयव पाडत नाहीत. समजा, तुम्ही दहा लाखांचा माल दिलात आणि पैसे नव्वद दिवसांनी येणार आहेत. फॅक्टरिंग कंपनी ते येणं तुमच्याकडून विकत घेते, सात-आठ लाख लगेच देते, मुदत संपली की खरेदीदाराकडून वसूल करते आणि व्याज-शुल्क कापून उरलेले तुम्हाला देते. करार ‘विदाउट रिकोर्स’ असेल आणि खरेदीदार बुडाला, तर तोटा कंपनीचा. त्यामुळे इथे कस लागतो तो खरेदीदाराची पत ओळखण्यात, बिलं आणि जीएसटी विवरणपत्रं पडताळण्यात, वसुलीसाठी नेटाने बोलण्यात. गणित लागतं ते टक्केवारी आणि दिवसांचं. फॅक्टरिंगच्या २०११च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाल्यापासून आणखी बऱ्याच एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना) हा व्यवसाय करता येतो.

अवयवांचं गणित क्षुल्लक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणं अतिशय कठीण असतं, या एका गोष्टीवर आरएसए सांकेतिकीकरण, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याची एक पद्धत, उभं आहे. ज्याला त्याची ओढ आहे त्याने बीएस्सी गणित करावं. तुमच्या मुलीची वाट ती नाही.

सीए, सीएमए किंवा सीईटी देऊन एमबीए, हे रस्ते पुढेही खुले आहेत.

वर्कशॉपची बिलं तीच सांभाळते आणि थकलेल्या पैशांसाठी फोनही तीच करते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. अहो, याच कामाचा तो अनुभव आहे! क्लासचा पुढचा हप्ता भरू नका. ‘ट्रेड्स’ ही रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालची बिलं वटवण्याची व्यवस्था आहे; आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट हे त्यातले ऑनलाइन मंच. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तुमचा मोठा खरेदीदार त्यांपैकी एखाद्यावर असेल, तर वर्कशॉपची नोंदणी मुलीला करू द्या. कागदपत्रांपासून पहिलं बिल वटेपर्यंत सगळं तिचं तिला निस्तरू द्या, मग नोकरीचा अर्जही तिलाच लिहू द्या.