घाटात दम सोडणारी डिझेल गाडी: इंजेक्टर बदलण्याआधी बाटलीत डिझेल काढून पाहा

भाऊ, तुमचं सगळं दोनदा वाचलं. ८२ हजार किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना घाटात एकदम दम सोडला, चेक इंजिनचा दिवा लागला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी रांगत राहिली. बंद करून पुन्हा चालू केली तर जसं काही झालंच नाही. स्कॅनरवर पी ००८७ कोड निघाला आणि सर्व्हिस सेंटरनं चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेलची फवार मारणारे नोझल) बदलायचं सव्वा लाखाचं एस्टिमेट हातात दिलं. चुलतभाऊ म्हणतो, विकून टाक.

विकू नका. इंजेक्टरलाही इतक्यात हो म्हणू नका.

पी ००८७ चा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, पाहिजे तेवढं प्रेशर बनून नाही राहिलं. का, ते तो कोड सांगत नाही. अशी रेल असलेली (कॉमन रेल) गाडी उभ्या उभ्या चालू असते तेव्हा रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार प्रेशर लागतं. घाटात पूर्ण लोडवर तेच १,६०० बारच्या वर जातं आणि डिझेलही कितीतरी जास्त लागतं. आपल्या विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. फुटव्हॉल्वला पाला अडकला तरी बादल्या भरण्यापुरतं पाणी येत राहते. हरभऱ्यात स्प्रिंकलर लावला की मग नोझल फिरत नाहीत. तेव्हा आपण मोटर रिवाइंडिंगला नेतो का? आधी विहिरीत वाकून पाहतो. तुमच्या गाडीत अजून कोणी वाकून पाहिलेलं दिसत नाही. एस्टिमेटमध्ये फिल्टरचं नाव नाही, पाइपचं नाही, थेट इंजेक्टर.

आणि ज्या ओळीवर मी अडलो ती तुम्ही सहज लिहून गेलात: "पंप २२ किलोमीटरवर आहे, म्हणून ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधूनच गाडीतही टाकतो." माझा पहिला संशय त्या ड्रमवर.

ड्रम उघड्यावर उभा ठेवला की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचते. दिवसा पत्रा तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री गार झालं की ड्रम श्वास आत ओढतो, आणि बुचावर पाणी उभं असलं तर हवेऐवजी तेच आत येते. झाकण घट्ट लावलं होतं असं सगळेच म्हणतात, मीही म्हणायचो. पाणी जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात आणि काळपट शेवाळासारखा गाळ धरतो. ट्रॅक्टरचा जुना पंप त्यातलं बरंच पचवून घेतो, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. कॉमन रेलच्या पंपाचं नि इंजेक्टरचं फिटिंग काही मायक्रॉनचं असते, आणि त्यांना वंगण दुसरं नाही, डिझेल हेच वंगण. पाण्यात वंगण कुठलं? (रॉकेल मिसळून वापरणाऱ्यांनीही हेच ऐकावं.) ड्रम गॅल्व्हनाइज्ड असेल तर तोही बाद करा. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसते.

आता काम. एक पारदर्शक काचेची बाटली स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. इंजिन बंद, गाडी रात्रभर एका जागी उभी असलेली. डिझेल फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो, तो एक-दोन आटे ढिला करून पहिलं पाव लिटर बाटलीत घ्या. मग बाटली ओट्यावर ठेवून अर्धा तास तिच्याकडे पाहूच नका, चहा घ्या. नंतर बाटली उन्हाच्या तिरपेत धरा. खाली वेगळा थर दिसला, बाटली कलती केल्यावर तो साबुदाण्यासारखा थेंबाथेंबानं सरकला, तर ते पाणी. पूर्ण डिझेलच गढूळ, ताकाच्या निवळीसारखं दिसलं तर पाणी आत घुसळलं गेलंय. काळे चिंध्यांसारखे तुकडे म्हणजे ड्रममधला गाळ. या तिन्हीत टाकी उतरवून धुणं, पाइप साफ करणं आणि नवीन फिल्टर, एवढ्यानं गाडी सुधारायची चांगली आशा आहे.

बाटलीच्या तळाशी चांदीसारखी चमचम दिसली तर मात्र तिथंच थांबा, गाडी एक किलोमीटरही चालवू नका. तो हाय प्रेशर पंपाचा कीस असू शकतो. तो इंजेक्टरपर्यंत गेला असेल, तर नुसते नवीन इंजेक्टर टाकून उपयोग नाही, महिन्याभरात तेही जातील. पंप, रेल, पाइप, टाकी, सगळं उघडावं लागेल. त्या परिस्थितीत सव्वा लाखही कमीच पडतील, म्हणून बाटली आधी.

बाटली स्वच्छ निघाली तर पुढचा संशय हवेवर. यात मी स्वतः पोळलोय. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आधल्या दिवशी, आर्णीच्या अलीकडे माझी गाडी अशीच मेली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपमध्ये रेल प्रेशर सेन्सर बदलला, १४ हजार गेले, आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं फिल्टर आणि पंपाच्या मधल्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी टाकली आणि मला रेस द्यायला लावली. नळीतून बुडबुड्यांची माळ चालली होती, सलाइनमध्ये हवा धरावी तशी. उलगडत गेलो तर फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग पिळून बसलेली. आणि तो फिल्टर दोन महिन्यांपूर्वी मीच, दीडशे रुपये मजुरी वाचवायला, घरी बदलला होता. मिस्त्री काही बोलला नाही, हसला फक्त. रिंग चाळीस रुपयांची.

हवा उंदरामुळेही शिरते. सोयाबीन घरात आलं की बोनेटखाली उंदीर आलाच, आणि त्याला वायरपेक्षा रबरी पाइप कमी आवडतो असं नाही. तुमच्या गाडीला टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर हवा आत यायच्या ऐवजी डिझेल बाहेर पाझरते. मग बुडबुडे शोधू नका, ओल आणि वास शोधा.

त्रास कधी होतो यावरूनही बरंच कळते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो, मग दिवसभर ठीक: डिझेल टाकीकडे उतरते, म्हणजे हवा. थंड असताना पटकन चालू, पण आर्वीच्या बाजारात अर्धा तास उभी करून गरम इंजिनवर सेल्फ मारला की रडते: तेव्हा इंजेक्टरची रिटर्न गळती (टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेनं जास्त डिझेल निसटणं) किंवा झिजलेला पंप, कारण गरम डिझेल पातळ होऊन फटीतून निसटते. आयडलला (रेस न देता) ठोके आणि पांढरा धूर, तर एखादा इंजेक्टर. फक्त चढावर, फक्त लोडवर दम सोडते, बाकी वेळ शहाणी, जशी तुमची: आधी फिल्टर, मग पाइप, मग टाकीतली जाळी.

एक गोष्ट जिवाची आहे. आपले मिस्त्री ट्रॅक्टरची हवा काढायला इंजिन फिरतं ठेवून इंजेक्टरचा नट ढिला करतात. कॉमन रेलवर हे कोणालाही करू देऊ नका. त्या प्रेशरची बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. वरून सुईच्या टोचण्याएवढं दिसते आणि बोट, कधी हातही, कापायची पाळी येते. हवा हातपंपानं किंवा स्कॅनरवरून काढा, तीही फिल्टरच्या बाजूनं.

एवढं सगळं करूनही कोड परत आला तर इंजेक्टरकडे वळा, पण पुरावा मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी लावून एका मापाच्या चार बाटल्यांत किती डिझेल येते ते पाहतात. एकाच बाटलीत भसाभस आलं तर तोच एक दोषी, बाकी तिघांना कशाला शिक्षा? काढलेला इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून रिपोर्ट घ्या. नवीन किंवा दुरुस्त केलेला बसवताना खालचं तांब्याचं वायसर नवीनच पाहिजे, आणि त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकून घ्या. मिस्त्री "त्याची गरज नाही" म्हणाला तर मिस्त्री बदला. स्कॅनर लावून घाट चढताना मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर शेजारी शेजारी पाहिलं, तर अर्धा वाद तिथंच मिटतो.

पंपावरच्या डिझेलबद्दलही तुम्ही विचारलंत. फिल्टर पेपरवर थेंब टाकायची टेस्ट पेट्रोलची आहे, डिझेल उडूनच जात नाही, डाग पडणारच. डिझेलसाठी घनता मोजून मागा, ग्राहकाचा तो हक्क आहे. बीएस-६ डिझेलची घनता १५ अंशाला घनमीटरमागे ८१० ते ८४५ किलोच्या मध्ये असते, आणि त्या दिवशीच्या नोंदीपेक्षा ३ किलोहून जास्त फरक आला तर विचारा. कमी मापाचा संशय असला तर ५ लिटरचं शिक्क्याचं मापही दाखवावं लागते. टँकर रिकामा होत असेल तर पुढं निघून जा, तळ ढवळलेला असतो. बिल मात्र दर वेळी ठेवा. इंजेक्टर गेल्यावर वॉरंटीवाले पहिलं बोट इंधनाकडेच दाखवतात.

तर उद्या सकाळी बाटली काढा आणि फोटो टाका. ड्रम कुठं आणि कसा उभा आहे त्याचाही टाका. आणि रात्री गाडी उतारावर कोणीकडं तोंड करून लावता, तेवढं सांगा, डिझेल टाकीकडे उतरते का त्याचा अंदाज येईल.