महाबळेश्वरला दरवर्षी जाणाऱ्या पर्यटकांनाही माहीत नसलेली गोष्ट कोणती?

महाबळेश्वरला नेहमी जाणाऱ्यांनाही ठाऊक नसेल असं तिथलं काय आहे, असं तुम्ही विचारलंय. मी सातारचा. माझं उत्तर एकच: या गावात एकेकाळी चिनी कैद्यांचा तुरुंग होता, आणि 'महाबळेश्वरची भाजी' म्हणून आपण जी कौतुकानं घेतो तिची घडी त्या कैद्यांनी बसवून दिली.

ते कैदी इथवर पोचले कसे हे कळायला आधी गाव कसं वसलं ते बघावं लागतं. पर्यटक ज्या बाजारात चणे-फुटाणे आणि चपला घेत फिरतात ते मूळ महाबळेश्वर नव्हे. मूळ गाव म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेचं आणि महाबळेश्वराचं देऊळ आहे ते, बाजारापासून पाच-सहा किलोमीटरवर. बाजार आणि बंगले ही माल्कम पेठ, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाची. जागा मात्र सातारच्या गादीची होती. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२९ च्या करारानं ती इंग्रजांना दिली आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे, आमच्या खंबाटकी घाटाखालचं. सातारहून मेढ्यावरून वर जाणारा रस्ताही महाराजांनीच करून दिला. पुढं दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. १८४७ मध्ये तिकडंच ते वारले. आजही हे कुणाला सांगताना माझ्या पोटात तुटतं. त्यांच्यानंतर गादीवर आलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. बोटिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना तो इंग्रजांचा वाटतो.

आता कैद्यांकडं येतो. त्या काळात सिंगापूर, पिनांग आणि मलाक्का ही बंदरं इंग्रजांकडं होती. तिथं शिक्षा झालेल्या चिनी आणि मलायी माणसांना जहाजात घालून मुंबई इलाख्यात पाठवत. त्यातल्या शंभरावर लोकांना १८३० च्या दशकात महाबळेश्वरी आणून ठेवलं. कारण उघड होतं. नवं गाव उभं करायचं होतं, रस्ते फोडायचे होते, आणि वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या डोंगरावर मजूर सहजासहजी टिकत नव्हते. पॉइंटांकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर या लोकांचा घाम सांडलेला आहे. पावसाळ्यात बाहेरची कामं बंद पडली की ते आत बसून टोपल्या विणायचे, आरारूट तयार करायचे.

खरी करामत मात्र त्यांच्या बागांची. उन्हाळ्यात मुंबईहून येणाऱ्या साहेबांच्या घरी बटाटा, गाजर, मटार अशी ताजी भाजी लागायची. या कैद्यांनी ओढ्याकाठी वाफे बांधून ती पिकवली. त्यांचं बघून आसपासच्या माणसांनीही ती शेती उचलली. इंग्रजांच्या काळातल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. ही माणसं गंभीर गुन्ह्यांत सापडलेली, पण इथं शांत आणि कष्टाळू म्हणून ओळखली गेली. १८६४ मध्ये तो तुरुंग मोडला.

याची दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. तिकडची माणसं इकडं येत होती, त्याच काळात इकडची माणसं तिकडं जात होती. मुंबई, मद्रास, बंगाल इथल्या कैद्यांना काळ्या पाण्यावर पिनांग-सिंगापूरला नेत. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५६ ते १८६१ या काळात उभं राहिलं ते हिंदुस्थानी कैद्यांच्या हातांनी. आपली माणसं तिथं चुना मळत होती आणि तिथली माणसं आपल्या सह्याद्रीत गाजरं लावत होती. दोघांनाही घर पुन्हा दिसण्याची आशा फारशी नव्हती. शाळेत सातारच्या इतिहासात आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

केळघर घाट चढून वर आलात की रस्त्याकडेला बायका बसलेल्या दिसतील. पुढ्यात पाल्यासकट बांधलेल्या गाजरांच्या जुड्या, शेजारी लाल मुळे. बोटाएवढं गाजर, पाण्यात खळबळून धुतलेलं, तरी देठाशी तांबडी माती चिकटलेली असतेच. नुसतं मीठ लावून खाल्लं तरी गोड लागतं. स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता गावाची ओळखच ती झाली आहे, आणि ते योग्यच आहे. पण या मातीत परदेशी भाजी रुजते हे दाखवणारे तिच्या कितीतरी आधीचे होते. मी पाहुण्यांना वर नेतो तेव्हा आधी ही गाजरं खायला घालतो, मग गोष्ट सांगतो.

त्या लोकांची एक खूण नकाशावर शिल्लक आहे: चायनामन फॉल. गावाच्या दक्षिणेला, कोयनेच्या खोऱ्याकडं उतरणारा धबधबा. त्यांच्या बागा त्या अंगाला होत्या, त्यावरून हे नाव पडलं. गव्हर्नरांची, त्यांच्या मुलींची, सेनापतींची नावं पॉइंटांना मिळाली. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट झाला. ज्यांनी रस्ते केले आणि वाफे बांधले त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठं लागलं नाही. निदान त्या धबधब्यापाशी एक मराठी पाटी असावी, चार ओळींची, तुरुंगाचा आणि बागांचा उल्लेख असलेली, एवढी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

बघायला जाणार असाल तर पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. मे महिन्यात तिथं पाणी नसतं. आणि जमलं तर पसरणी घाटाऐवजी सातारहून मेढा-केळघरमार्गे चढा, म्हणजे प्रतापसिंह महाराजांच्या वाटेनंच वर पोचाल.