१०५च्या वर गेलेली युनिट्स

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी एकच सांगते: चिरंजीवांना स्प्रिंग क्वार्टरमधला, म्हणजे जूनमध्ये संपणाऱ्या सत्रातला, लिनियर अल्जेब्रा हा गणिताचा विषय सोडू देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात. ताई कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतात. मुलगा डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात आहे. अशा कॉलेजात पहिली दोन वर्षं शिकून मुलं पुढे युनिव्हर्सिटीत जातात, त्यालाच ट्रान्सफर म्हणतात. कॉम्प्युटर सायन्ससाठी त्याने नोव्हेंबरमध्ये यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, डेव्हिस, अर्वाइन, सॅन डिएगो आणि बर्कली या कॅम्पसना अर्ज केलेत, शिवाय सॅन होजे स्टेटलाही, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सॅन होजेतल्या कॅम्पसलाही. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी ताईंना सांगितलं की यूसी कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त १०५ युनिट्स (क्रेडिट्स) घेते, वरची टाकून देते. ताईंनी घरी येऊन बेरीज केली, तर जूनपर्यंत ११८ होतायत. मग त्यांनी मला लिहिलं, "जे मोजणारच नाहीत त्यासाठी पोरानं रात्री का जागवाव्यात? शेवटचा गणिताचा विषय सोडला तर फीही वाचेल."

तुम्हाला सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि घोटाळा त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. यूसीची मर्यादा खरोखर १०५ क्वार्टर युनिट्स, म्हणजे ७० सेमिस्टर युनिट्स आहे. कम्युनिटी कॉलेजातून स्टेटला जाताना तिथेही ७० सेमिस्टरच. (क्वार्टरच्या कॉलेजात वर्षाची फॉल, विंटर, स्प्रिंग अशी तीन सत्रं असतात, सेमिस्टरच्या कॉलेजात दोन.) पण ही मर्यादा आकड्यांवर आहे, विषयांवर नाही. १०५च्या वर गेलेल्या कोर्सचं युनिटचं वजन पदवीच्या बेरजेत धरत नाहीत, पण तो विषय झाला हे मान्य करतात आणि तो मेजरच्या (मुख्य विषयाच्या) किंवा जीईच्या (सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांच्या) अटीत बसत असेल तर तिथे लागू करतात. त्याचे मार्क्सही पुसले जात नाहीत.

आता तुमची बेरीज पाहू. त्या ११८मध्ये तुम्ही हायस्कूलमधल्या एपी यूएस हिस्ट्रीची (एपी म्हणजे शाळेत असतानाच दिलेली कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ८ युनिट्स धरलीयत. ती या मर्यादेत येतच नाहीत, यूसी ती वेगळी देते. ती काढली की उरली ११०. फॉलपर्यंतची ८२, विंटरची १४ आणि स्प्रिंगची १४. म्हणजे मर्यादेच्या वर गेलेली युनिट्स फक्त ५. डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ३१ डॉलर फी आहे, तेव्हा ज्याची तुम्हाला एवढी धास्ती वाटतेय तो आकडा आहे १५५ डॉलर.

आणि ती ५ युनिट्स त्याला लागणारही नाहीत. क्वार्टरवर चालणाऱ्या यूसीमध्ये पदवीला १८० युनिट्स लागतात. मर्यादेतली १०५ आणि एपीची ८ मिळून ११३ झाली, उरली ६७. पुढच्या दोन वर्षांतल्या सहा क्वार्टरमध्ये दर वेळी १५ घेतली तरी ९० होतात. त्या ५ युनिट्सवाचून पदवी अडत नाही. लिनियर अल्जेब्रा झालेला नसेल तर मात्र अडते.

लिनियर अल्जेब्राची युनिट्सही नेमकी ५च आहेत. त्यामुळे "जास्तीचा विषय हाच" असं तुमच्या मनात बसलं असणार. पण यूसीवाले शेवटचा विषय धरून तो कापत नाहीत, बेरीज १०५वर थांबवतात एवढंच. कॉम्प्युटर सायन्सला हा विषय आधी झालेला हवा असतो. कुठे प्रवेशासाठीच, कुठे पुढचे कोर्स उघडण्यासाठी. बर्कलीच्या मॅथ ५४मध्ये लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकत्र शिकवतात. क्वार्टरच्या कॉलेजातून त्याच्या बदल्यात दोन वेगळे कोर्स करावे लागतात, आणि एकच केला तर जोड अर्धवट राहते.

आणखी एक. अर्जात त्याने विंटर-स्प्रिंगचे नियोजित विषय लिहिलेत. यूसी त्यावर विसंबून निर्णय घेते, आणि प्रवेश मिळाला तरी ते विषय नीट पूर्ण होण्याच्या अटीवर मिळतो. जानेवारीत यूसी ट्रान्सफरच्या मुलांकडून फॉलचे मार्क्स आणि विषयांतले बदल पुन्हा भरून घेते. तिथे लिनियर अल्जेब्रा गायब दिसला तर वाचणाऱ्याला काय वाटेल, तुम्हीच सांगा.

तुम्ही लिहिलंय की सांगलीला डिप्लोमा केल्यावर तुम्हाला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, आणि तीन वर्षं शिकून मोजलं एकच वर्ष, हे अजून सलतं. सलणारच. म्हणूनच "टाकून देतात" हे शब्द तुम्हाला एवढे लागले असावेत. पण तिथे अख्खं वर्ष धरतात किंवा सोडतात. इथे हिशोब कोर्सागणिक होतो, आणि तो आधीच लिहून ठेवलेला असतो. असिस्ट डॉट ओआरजीवर डी अँझा, मग कॅम्पस, मग मेजर निवडलं की दोन रकाने येतात: एका बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स, समोर डी अँझाचा. समोर रिकामं असेल तर तो तिकडे जाऊन करायचा. घरात युनिट्सच्या बेरजेपेक्षा हे कागद जास्त वेळ टेबलावर असायला हवेत.

नुकसान खरोखर कुठे होतं, ते सांगते. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती. क्वार्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलस चार तुकड्यांत असतं, सेमिस्टरच्या कॉलेजात तीन. तिने दोन तुकडे एकीकडे केले आणि घर बदललं म्हणून मधूनच दुसऱ्या कॉलेजात गेली. सांधा जुळला नाही, झालेला भाग पुन्हा करावा लागला. तिची युनिट्स मर्यादेच्या आतच होती. वर्ष गेलं ते मालिका मध्येच तुटल्यामुळे. तुमच्या मुलाने चारही भाग डी अँझातच पूर्ण केलेत, हे फार चांगलं झालं.

उन्हाळ्यात बर्कलीचा एखादा कोर्स करण्याबद्दल विचारलंय. कम्युनिटी कॉलेजची युनिट्स कितीही झाली तरी यूसी १०५वर थांबते, म्हणून फक्त कम्युनिटी कॉलेजात शिकलेल्या मुलाचा अर्ज जास्त युनिट्समुळे धोक्यात येत नाही. यूसीत घेतलेली युनिट्स मात्र त्या १०५च्या वर जोडली जातात, आणि फार साठली तर काही ठिकाणी अर्ज अडतो. एका कोर्सने काही बिघडणार नाही, पण त्याची गरजही मला दिसत नाही.

सॅन होजे स्टेटच्या कागदावर लिनियर अल्जेब्रापुढे ३.३३ दिसेल. घाबरू नका, काही कापलेलं नसतं. सेमिस्टरच्या हिशोबात क्वार्टर युनिटचे दोन तृतीयांश होतात.

या आठवड्यात मुलाला पाचही ठिकाणचे असिस्टचे कागद काढायला सांगा. झालेल्या कोर्सवर हिरवी खूण, चालू असलेल्यावर पिवळी. मग डी अँझाच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये वेळ घेऊन त्यालाच ते दाखवू द्या, तुम्ही सोबत जाऊ नका. तो रात्री जागतो असं लिहिलंय. खरंच झेपत नसेल तर स्प्रिंगमधला मेजरला न लागणारा एखादा विषय काढता येतो का, हे त्याच भेटीत विचारू दे, आणि काढला तर यूसीला आणि सॅन होजेला लगेच कळवू दे. खुणा केलेल्या कागदांचे फोटो मला पाठवा. कुठे रिकामा रकाना राहिलाय, ते मीही पाहते.