फ्लॅटमध्ये गिअरची सायकल दुरुस्त करायला स्टँड विकत घ्यावा, की घरीच काही जुगाड जमेल?

बाल्कनीत झोपाळ्याच्या कड्या असतील तर आधी त्याच वापरा. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये त्या असतात, आणि झोपाळा कधीच माळ्यावर गेलेला असतो. दोन दोऱ्या सोडा, टोकाला लोखंडी एस हूक लावा, हुकांवर जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा. एक हूक सीटच्या नाकाखाली, दुसरा हँडलच्या मधल्या जाड भागाला. मागचं चाक अधांतरी फिरलं पाहिजे. पेडल फिरवत गिअर बदलून पाहता आलं की झालं. सायकल झुलते, हा एकच ताप. पुढचं चाक भिंतीला टेकवून ठेवा. हूक पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळतील.

उलटी करून ठेवणं पंक्चरपुरतं ठीक. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असतील तर टाळाच, लिव्हरमधली हवा पाइपात शिरून ब्रेक स्पंजी होतो, म्हणजे दाबला की मऊ लागतो.

विकतच घ्यायचा तर मागच्या चाकाचा छोटा स्टँड चेन साफ करायला पुरतो, पण बहुतेकांवर चाक काढता येत नाही. सायकल चिमट्यात धरणारा क्लॅम्पवाला घेतलात तर पकड सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर द्या. वरच्या दांड्यावर नको. पातळ अ‍ॅल्युमिनियम चेपतं, कार्बन तडकतो.