नाशिकमध्ये आदिवासी स्त्रियांवरील हिंसाचाराबद्दल जनजागृती कशी करावी?

येत्या 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, कॅनडाप्रमाणे कॉलेज रोडवरील झाडांना लाल पोशाख टांगावेत आणि मजूर स्त्रियांपुढे पथनाट्य करावे, असा आपला विचार दिसतो. पोशाखांची ती कल्पना 2010 पासून तिथल्या बेपत्ता व मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांच्या स्मरणार्थ आहे. आपण कोणासाठी टांगणार, हे ठरलेले नसेल तर ते नुसते कपडे राहतील. पथनाट्य मात्र मी स्वतः करून बसले आहे.

2018 च्या फेब्रुवारीत, ऐन द्राक्षकाढणीत, आमच्या महाविद्यालयाच्या मुलांनी दिंडोरी तालुक्यातील एका बागेत ‘मौन सोडा’ असे सांगणारे नाटक केले. ते संपल्यावर सुरगाण्याकडची एक मजूर स्त्री मला बाजूला घेऊन म्हणाली की, मालकाच्या पुतण्याने अंगावर हात टाकल्याचे तिने मालकाला एकदा आणि मालकिणीला दोनदा सांगितले होते. म्हणजे मौन नव्हतेच. मी तिला पोलीस ठाण्यात नेले. तीन तास बाकावर बसवल्यानंतर ती आपल्या कोकणा या आदिवासी बोलीत सांगू लागली आणि हवालदार त्यांच्या मराठीत लिहू लागले. तिने बाही वर सारून दंडावरचे चार बोटांचे काळेनिळे वळ दाखवले, तेव्हा त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही. अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला गेला म्हणून मी कागद वाचायला घेतला, तर त्यात ‘मजुरीवरून शाब्दिक वाद’ एवढेच होते. मी भांडले, ‘उद्या या’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी बागेत तीन दगडांची चूल तेवढी उरली होती. मुकादमाने पहाटेच टोळी हलवली होती. तिचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर सही-अंगठ्याआधी ती वाचून दाखवणे अॅट्रॉसिटी कायद्याच्या 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार बंधनकारक आहे, हे मला नंतर समजले. आपल्या मुलांना एवढे एक कलम पाठ करवा.

आमचे तत्कालीन विभागप्रमुख प्रत्येक भाषणात ‘या बायकांनाच आधी जागे केले पाहिजे’ असे म्हणत. मथुरा या आदिवासी मुलीने 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातून बाहेर पडताच, आत पोलिसाने बलात्कार केल्याचे लोकांना सांगितले होते. तरीही 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, 1979 मध्ये चार कायदेशिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. यात झोपले होते कोण, हे मी त्यांना अनेकदा विचारले.

म्हणून नाटक करायचेच असेल तर गोडी छाटणीपूर्वी, म्हणजे द्राक्षवेलींच्या फळांसाठीच्या छाटणीआधी, बागाईतदारांच्या बैठकीत करा. कामावरील लैंगिक छळाची तक्रार असंघटित मजुरालाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, पण मुदत साधारण तीन महिन्यांची असते आणि तोवर हंगाम संपून टोळी गावी परतलेली असते. त्या समितीचा पत्ता पेठ नाक्यावर मोठ्या अक्षरांत लावा.

अर्थात, सगळे बागाईतदार किंवा हवालदार असे नसतात, आणि मी स्वतः आदिवासी नाही. आरोपीही अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अॅट्रॉसिटी लागू होत नाही. घरातली मारहाण किंवा डाकीण ठरवून होणारा छळ यांबाबत पाड्यावर बोलावेच लागेल; परंतु तिथे आपल्या मुलांनी नव्हे, तिथल्याच बायांनी बोलावे.

कार्यक्रमाला त्या विभागप्रमुखांना बोलावणार असाल, तर मला बोलावू नका.