‘ब्लॉक’ वाचून झोप उडालेल्या भाऊंना

नागपूरच्या इतवारीतून एका भाऊंचं पत्र आलंय. वय ४८, स्टेशनरीचं दुकान. इन्शुरन्ससाठी चेकअप केलं तर ईसीजीच्या कागदावर मशीननं छापलं, ‘साइनस ब्रॅडिकार्डिया, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. साइनस ब्रॅडिकार्डिया म्हणजे ठोके हळू, मिनिटाला ४८. धंतोलीतल्या डॉक्टरांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली, चक्कर येते का विचारलं, नाही म्हटल्यावर येत्या गुरुवारी होल्टर, म्हणजे अंगाला लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावू म्हणाले. तेव्हापासून भाऊ रात्री दोनचा अलार्म लावून उठतात नि कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावून अंधारात बसतात. एकदा ४३ दिसले. घरी कोणाला सांगितलं नाही, फाईल दुकानात वह्यांच्या गठ्ठ्याखाली आहे. लिहितात, ‘ताई, हार्टमध्ये ब्लॉक निघाला, तेल बंद केलं, तर्री पोहे बंद केले, पोरगी बारावीत आहे, झोपेतच थांबलं तर?’

भाऊ, आधी तो ब्लॉक शब्द घेऊ, कारण मला वाटतं तुमची अर्धी भीती त्यातच आहे. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की नसेत चरबी साचली, आता अँजिओप्लास्टी, स्टेंट, हेच डोक्यात येतं. तुमच्या कागदावरचा ब्लॉक तो नाहीच, तो विजेच्या निरोपाचा आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू होतो, तिथून निरोप खालच्या कप्प्यांना जातो, आणि तुमच्याकडे तो जरा उशिरा पोचून राहिला, पण पोचतो दर वेळी, म्हणून त्याला फर्स्ट डिग्री म्हणतात. ईसीजी काढून बघा, आधी एक बुटकी टेकडी दिसेल, मग उंच सुळका. टेकडीच्या सुरुवातीपासून सुळक्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर एका मोठ्या चौकोनापेक्षा, म्हणजे ०.२ सेकंदापेक्षा जास्त झालं की मशीन हे नाव छापतं. बहुतेक लोकांना नुसत्या एवढ्यासाठी काहीच उपचार लागत नाही, फक्त लक्ष ठेवतात. आणि ‘अ‍ॅबनॉर्मल’ हा मशीनचा शब्द आहे, निदान डॉक्टर करतात, त्यांनी तुम्हाला समोर बसवून विचारलं, इको पाहिला आणि घरी पाठवलं, त्या घरी पाठवण्यालाही अर्थ आहे हो.

आता ते ४३. जागेपणी ठोके ६० ते १०० धरतात, पण गाढ झोपेत धडधाकट माणसाचेही चाळीस-पन्नासच्या मध्ये उतरतात, शरीरच हृदयाला हळू चालू देतं. त्यात मध्येच एखादा ठोका लवकर पडला तर तो बोटापर्यंत नीट पोचत नाही नि ऑक्सिमीटर आकडा कमी दाखवतं. म्हणजे झोपमोड करून तुम्ही जो आकडा पाहता त्यातून ना तुम्हाला काही कळतं ना डॉक्टरांना. होल्टर तेच काम २४ तास करेल, प्रत्येक ठोका लिहून. मोजायचं काम त्याच्याकडे सोपवा भाऊ, तुम्ही झोपा.

पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिली, की काचबिंदूचे ड्रॉप्स सोडले तर मला कसलंही औषध नाही. मी तिथेच थांबले. काचबिंदूच्या काही ड्रॉप्समध्ये टिमोलॉल असतं, ते डोळ्यातून रक्तात उतरून ठोके हळू करू शकतं, आणि डोळ्याचं औषध हार्टच्या डॉक्टरांना सांगायचं बहुतेकांना सुचतच नाही. तुमचं तेच असेल असं मी म्हणत नाही. बाटली खिशात घालून न्या, आणि मनानं बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, काय बदलायचं ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. थायरॉइड कमी असलं तरी ठोके हळू होतात, त्याची टीएसएच ही रक्ततपासणी झाली नसेल तर तेही विचारा.

शेजारचे दुकानदार म्हणाले ना, आता मशीन, म्हणजे ठोके नीट चालू ठेवणारा पेसमेकर, बसवावी लागेल? त्यांच्या म्हणण्यावर झोप घालवू नका. आणि उद्या खरंच लागली तरी ऐका. माझ्या आईला ७१ व्या वर्षी पेसमेकर बसला, कॉलरबोनखाली एवढासा उंचवटा, आणि चतुर्थीला ती टेकडीच्या गणपतीला माझ्यापुढे पायऱ्या चढायची. स्वीडनमध्ये १९५८ साली आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला असा पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला, पुढे आयुष्यभर नवेनवे बसवत गेले आणि तो माणूस २००१ पर्यंत, ८६ वर्षांचा होऊन जगला. आता तर साधारणपणे तेवढाच भाग बधिर करून बसवतात.

मात्र शुद्ध गेली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला झालं, छातीत दुखलं, नेहमीच्या जिन्यावर दम लागला, तर गुरुवारची वाट बघायची नाही, ऊन लागलं असेल म्हणून लिंबूपाणी पिऊन बसायचंही नाही, १०८ लावायचा. आणि तेव्हा तो फोन कोण लावणार? वहिनीच ना? त्यांना काही माहीतच नसेल तर त्या काय सांगतील? तुम्ही लिहिलंय की त्या म्हणतात, फुटाळ्याला फिरायला येत नाही, माझ्यावर रागावलात का. पंधरा दिवस त्या हे मनात घेऊन आहेत बाप्पा! आज दुकान बंद करताना फाईल घरी न्या, जेवणं झाल्यावर दोघं बसा, सुरुवात जमली नाही तर हेच पत्र वाचायला द्या. पोरीलाही थोडक्यात सांगा, बारावीतल्या मुलीला बापाचा दोनचा अलार्म ऐकू येतोच.

गुरुवारी आंघोळ करून जा, होल्टर लागला की तो निघेपर्यंत आंघोळ नाही. पुढून बटणाचा सैल शर्ट घाला. आपल्या उन्हात घामानं चिकटपट्ट्या सुटतात, तेव्हा दुपारी कूलरपुढे बसा, पण दिवसभर झोपून राहू नका, दुकानात जा, जिने चढा, नेहमीचंच करा, तेच नोंदवायचं असतं. काही जाणवलं तर वेळ टाकून कागदावर लिहा. रात्री ऑक्सिमीटर वहिनींच्या कपाटात. रिपोर्ट आला की मला कळवा, मी वाट बघते.