वाचकांचे प्रश्न : पाच वर्षांचा एकच आकडा द्यावा का?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री आहे. कामगार 60 असून बहुतेक माल डिझेल इंजिनाच्या सिलिंडर ब्लॉक आणि हेडचा आहे. नव्या मोल्डिंग लाइनसाठी, म्हणजे ओतकामाचे साचे तयार करणाऱ्या यंत्रमालिकेसाठी, कर्ज काढायचे आहे आणि बँक पाच वर्षांच्या विक्रीचा अंदाज मागते. विजेवरच्या गाड्या येत असताना एकच आकडा धरून चालू नये, सिनारिओ प्लॅनिंग करावे, असे मुलाचे म्हणणे आहे. आमच्यासारख्या लहान कारखान्याला त्याचा उपयोग होतो का?

— एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर : उपयोग होतो. बँकेला आकडा मात्र द्यावाच लागेल, त्यातून सुटका नाही. परिदृश्य नियोजन, म्हणजेच मुलगा म्हणतो ते सिनारिओ प्लॅनिंग, उद्या काय घडेल हे सांगत नाही. एकमेकांहून वेगळी, पण प्रत्येकी पटण्याजोगी चित्रे समोर ठेवून, आज घ्यायचा निर्णय त्यांपैकी किती चित्रांत टिकतो, हे ते तपासायला लावते.

उद्योगक्षेत्रात ही पद्धत गाजली ती रॉयल डच शेल या तेल कंपनीमुळे. पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी, तेल उत्पादक देशांनी हात आखडता घेतला तर काय होईल, याचे चित्र वरिष्ठांपुढे मांडले होते. ऑक्टोबर 1973 नंतर काही महिन्यांतच तेलाचा भाव पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला, तेव्हा ते चित्र कंपनीला अनोळखी नव्हते. वॅक यांचा खरा भर अनिश्चित काय आणि ठरून गेलेले काय, हे वेगळे काढण्यावर होता. त्यासाठी ते गंगेचे उदाहरण देत : वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, की ऋषिकेश, अलाहाबाद, बनारस येथे क्रमाने पूर येणार, हा झालेल्या पावसाचा हिशेब आहे, भविष्यकथन नव्हे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे ऐकताच सामान माळ्यावर चढवणाऱ्या कोल्हापूरकराला हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच महापूर आपल्या चित्रांत घालू नका. 2005, 2019 आणि 2021 पाहिल्यावर तो येणार की नाही हा प्रश्न उरत नाही, वर्ष तेवढे ठाऊक नसते. माझ्या परिचयातील एका कारखानदाराने 2005च्या पाण्याची रेघ गोदामाच्या भिंतीवर रंगवून घेतली होती आणि लाकडी पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचे साचे घडवतात ते नमुने) तिच्या हातभर वर रचले होते. 2019मध्ये पाणी त्याच्याही वर गेले, पॅटर्न फुगले आणि एकाचेही माप जागेवर राहिले नाही. गेल्या वेळचा आकडा हीच कमाल मर्यादा मानण्याची ही खोड विक्रीच्या अंदाजातही असते.

आपल्यापुढे खरे अनिश्चित प्रश्न मला दोन दिसतात : इंजिनांची मागणी किती झपाट्याने घटेल आणि आपले मोठे ग्राहक ओतकाम बाहेरून घेत राहतील की स्वतः करू लागतील. त्यांच्या उत्तरांच्या जोड्यांतून चार चित्रे निघतात. तीन काढू नका, कारण माणूस मधले निवडून मोकळा होतो. प्रत्येकाला कामगारांच्या तोंडी बसेल असे नाव द्या आणि चर्चेला मुलाबरोबर मोल्डिंगचा सुपरवायझर व भंगार-पिग आयर्नची खरेदी पाहणारा माणूस यांनाही बसवा. ग्राहकाची कुरबूर मालकाच्या आधी त्यांच्या कानावर येते.

मग प्रत्येक चित्रात नवी लाइन उभी करून पाहा. ती फक्त ब्लॉकच्या मापाची असेल, तर मागणी घटणाऱ्या दोन्ही चित्रांत कर्जाचे हप्ते अंगावर येतील. ब्रेक ड्रम आणि हब विजेवरच्या गाडीलाही लागतात. ते त्याच लाइनवर निघू शकत असतील, तर थोडी जास्त किंमत मोजणे मला पटते.

शेवटी खुणा ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आधीच ठरलेले असल्यामुळे त्या रात्री वाद घालावा लागत नाही. तशीच आपल्या ऑर्डरबुकात पातळी आखा. उदाहरणार्थ, इंजिनाच्या मालाची मागणी सलग दोन तिमाहींत घटली, तर हबचे पॅटर्न करायला टाकायचे, हे आजच लिहून त्यावर आपण आणि मुलाने सही करावी.